एकेका पुस्तकाचा फॉर्म : पायथनची ‘रिक्वेस्ट्स’ वापरल्यावर

आमचं वाचनालय सातारा जिल्ह्यातलं, ‘ब’ वर्गाचं. मी तिथे एकवीस वर्षं ग्रंथपाल आहे. गेल्या वर्षी कार्यकारिणीनं पुस्तकांची यादी ऑनलाइन करायचं ठरवलं आणि एका कंपनीकडून तयार वेबसाइट घेतली. वाचकांच्या बाजूनं साइट चांगली आहे. आमच्या बाजूनं पुस्तक चढवायला एकच फॉर्म : दाखल क्रमांक, पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, किंमत, विषय, मुखपृष्ठाचा फोटो आणि खाली ‘जतन करा’. एका वेळी एक पुस्तक. एक्सेलची अख्खी फाइल चढवायची सोय नाही. ती करून द्यायला कंपनीनं जो आकडा सांगितला, त्यात आमची वर्षभराची मासिकं आली असती.

माझ्या एक्सेलमध्ये ६,८४२ पुस्तकं होती. घड्याळ लावून मी दहा नोंदी हातानं केल्या. एका नोंदीला सरासरी अडीच मिनिटं. म्हणजे २८५ तास, आणि ते देवघेवीचा काउंटर सांभाळून.

त्या सुमारास मी पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकायला सुरुवात केली होती, हिशोबाच्या तक्त्यांसाठी. पुण्याला नोकरी करणारा भाचा फोनवर म्हणाला, “आत्या, फॉर्म म्हणजे शेवटी सर्व्हरला जाणारं पाकीट. ते ब्राउझरनंच भरलं पाहिजे असं थोडंच आहे? तू रिक्वेस्ट्स वापरून बघ.” मी वापरली. सहा-सात महिने झाले. माझ्यासारखं काम असलेली माणसं मराठीत पुष्कळ असणार म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सगळ्यात आधी मी कंपनीला ईमेल करून परवानगी घेतली. नोंदी आमच्या, लॉगिन आमचं, पण सर्व्हर त्यांचा आहे, आणि त्यावर आमच्यासारखी आणखीही वाचनालयं आहेत. रात्री दहानंतर चालवा आणि दोन नोंदींमध्ये थोडा वेळ सोडा, एवढंच त्यांनी सांगितलं. ते मी पाळलं.

रिक्वेस्ट्स ही पायथनची लायब्ररी आहे, म्हणजे आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या तयार कोडचा संच. (त्यांच्या धंद्यातला आणि माझ्या धंद्यातला शब्द एकच निघाला याचा मला मनापासून आनंद झाला.) केनेथ राइट्झ यांनी ती २०११ मध्ये आणली. आता तिची देखभाल पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली होते. परवाना अपाची २.०, म्हणजे पैसे द्यावे लागत नाहीत. पायथनबरोबर ती आपोआप येत नाही, ‘पिप’ या पॅकेजेस बसवायच्या साधनानं वेगळी बसवावी लागते. एचटीटीपी म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याचे नियम. ‘माणसांसाठी एचटीटीपी’ असं ती स्वतःबद्दल म्हणते, आणि ते शब्द तिला शोभतात. साइटचा पत्ता द्यायचा, रकान्यांची नावं आणि त्यातला मजकूर जोडीनं लिहिलेली डिक्शनरी ‘डेटा’ म्हणून द्यायची आणि ‘पोस्ट’ म्हणायचं. एका ओळीत फॉर्म गेला.

हेच काम पायथनबरोबरच येणाऱ्या, तिच्या घरच्या ‘यूआरएललिब’नंही होतं. मी मुद्दाम करून पाहिलं. तिथे आधी डिक्शनरी हातानं गुंफावी लागते, मग तिचं बाइट्समध्ये रूपांतर करावं लागतं. ते विसरलं की पोस्टचा डेटा बाइट्स हवा, स्ट्रिंग चालणार नाही, अशी चूक समोर येते. तरी ती मी मोडीत काढणार नाही. सरकारी कचेरीतल्या संगणकावर बाहेरचं काही बसवायला बंदी असते, तिथे हीच कामाला येते. पायथन २च्या काळी मात्र तिथे देवनागरीचे हाल होते. युनिकोड मजकूर सरळ गुंफायला दिला की प्रोग्राम आपटायचा. आज मराठी मजकूर रिक्वेस्ट्सकडे बिनघोर देता येतो, हे सुख त्यामानानं नवं आहे.

पाकिटात नक्की काय जातं ते मला बघायचं होतं. त्यासाठी ‘एचटीटीपीबिन’ नावाची साइट आहे. तीही राइट्झ यांनीच केलेली. तिला जे पाठवाल ते ती जसंच्या तसं परत दाखवते. शिकणाऱ्यानं खऱ्या सर्व्हरला हात लावण्याआधी एक संध्याकाळ तिथे घालवावी. साधा फॉर्म पाठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट होतं आणि प्रत्येक बाइट टक्क्याचं चिन्ह अधिक दोन अक्षरं अशा रूपात लिहिला जातो. ‘वाचनालय’ या शब्दात काने धरून सात चिन्हं आहेत. तारेवरून जाताना त्यांची ६३ अक्षरं होतात. मधल्या मोकळ्या जागेचं अधिकाचं चिन्ह होतं. ही पद्धत १९९५च्या एचटीएमएल २.० मध्ये लिहून ठेवलेली आहे आणि अजून तीच चालते. हे सगळं रिक्वेस्ट्स न सांगता करते. सहा-सात महिन्यांत तिनं पाठवलेल्या एकाही वेलांटीची चूक मला सापडली नाही.

आता मी जिथे जिथे अडले ते सांगते, कारण लायब्ररीचा स्वभाव तिथेच कळला.

पहिली नोंद पाठवली. उत्तर आलं २००, म्हणजे सगळं ठीक. साइटवर जाऊन पाहिलं तर नोंद नाही. पुन्हा पाठवली, पुन्हा २००, पुन्हा नोंद नाही. दोन संध्याकाळी यात गेल्या. शेवटी उत्तराची ‘हिस्टरी’, म्हणजे ते कुठून कुठून फिरून आलं त्याची नोंद, छापून पाहिली तर तिथे ३०१ बसलेलं. मी पत्ता कंपनीच्या जुन्या पत्रावरून उतरवला होता, आणि त्यात एचटीटीपीपुढचा ‘एस’ नव्हता. सर्व्हर म्हणाला, सुरक्षित पत्त्यावर जा. रिक्वेस्ट्स मुकाट्यानं तिकडे गेली, पण जाताना पोस्टचं (मजकूर पाठवणं) गेट (नुसतं पान मागणं) झालं आणि माझं पुस्तक वाटेतच राहिलं. तिकडे रिकामा फॉर्म उघडला, आणि तो नीट उघडला म्हणून २००. यात लायब्ररीची चूक नाही, ब्राउझरही असंच करतात. ३०७ आणि ३०८ या क्रमांकांनी पाठवणी, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर रवानगी, झाली तर पोस्ट पोस्टच राहतं, ३०१ आणि ३०२ मध्ये राहत नाही. तेव्हापासून फॉर्म पाठवताना मी ही रवानगी बंदच ठेवते. पत्ता बदलला असेल तर मला कळू दे, मी दुरुस्त करीन.

म्हणून या लायब्ररीबद्दल पहिली गोष्ट कुणाला सांगायची झाली तर मी हीच सांगते : २०० म्हणजे पोच नव्हे. पोस्टमननं दार उघडलेलं पाहिलं, एवढाच त्याचा अर्थ. चुकीचा पासवर्ड दिला तरी बऱ्याच साइट्स २००च देतात आणि लॉगिनचं पान परत दाखवतात. खरी पोच पानाच्या मजकुरात असते. आमच्या साइटवर ‘नोंद जतन झाली’ असं वाक्य येतं, ते शोधायचं.

पत्ता दुरुस्त केल्यावर ४०३ मिळालं, म्हणजे मनाई. फॉर्ममध्ये डोळ्यांना न दिसणारा एक रकाना होता. दुसऱ्याच कुठल्या साइटनं आपल्या नावावर गुपचूप फॉर्म भरू नये म्हणून सर्व्हर पान देताना त्यात एक लांबलचक सांकेतिक शब्द ठेवतो. तो कुकीशी, म्हणजे सर्व्हरनं ओळख म्हणून आपल्याकडे ठेवायला दिलेल्या चिठ्ठीशी, जुळला तरच नोंद घेतो. म्हणजे आधी पान मागवायचं, त्यातून तो शब्द काढायचा, मग फॉर्म पाठवायचा, आणि या सगळ्यात कुकी तीच राहिली पाहिजे. इथे रिक्वेस्ट्सची ‘सेशन’ ही सोय कामी आली. एकदा सेशन उघडलं की लॉगिनपासून शेवटच्या पुस्तकापर्यंत कुकीज ती सांभाळते. मला एकदाही हात लावावा लागला नाही. मला या लायब्ररीतलं सगळ्यात आवडलेलं काही असेल तर हे सेशन. सांकेतिक शब्द काढायला मी ‘ब्यूटिफुल सूप’ ही पानातून मजकूर वेचणारी लायब्ररी घेतली. ज्यांना तेवढंही करायचं नसेल त्यांनी ‘मेकॅनिकलसूप’ बघावी. ती या दोघींवरच उभी आहे आणि लपलेले रकाने स्वतः भरते. मला मात्र प्रत्येक रकाना डोळ्यांखालून गेलेला हवा होता.

मग वीस नोंदींची चाचणी. प्रोग्राम म्हणाला, वीसच्या वीस फसल्या, ‘नोंद जतन झाली’ हे वाक्य कुठेच सापडलं नाही. मी पुन्हा चालवला, पुन्हा वीस फसल्या. साइटवर गेले तर तिथे चाळीस नोंदी, प्रत्येक पुस्तक दोनदा. परत आलेला मजकूर छापून पाहिला तेव्हा मराठीच्या जागी डोक्यावर तिरप्या रेघा असलेल्या रोमन अक्षरांची रांग दिसली. सर्व्हर आपल्या उत्तराच्या माथ्यावर हे पान यूटीएफ-८ आहे असं सांगत नव्हता. पानाच्या आत तसं लिहिलेलं होतं, पण रिक्वेस्ट्स माथा बघते, आत बघत नाही. माथ्यावर काही नसेल तर जुन्या नियमाला धरून ती मजकूर आयएसओ-८८५९-१ समजते. ही पश्चिम युरोपची अक्षरमाला आहे. पाठवताना इतकी नेमकी असलेली लायब्ररी वाचताना असा अंदाज करते हे मला खटकलं, आणि अजून खटकतं. मराठी, हिंदी, कानडी, कुठल्याही आपल्या लिपीत काम करणाऱ्याला हा अंदाज चुकीचाच पडणार. उपाय एका ओळीचा आहे : मजकूर वाचण्याआधी ‘एन्कोडिंग’ला यूटीएफ-८ म्हणून सांगायचं. पण ती ओळ लिहायची असते हे आधी कुणी सांगत नाही. वीस दुबार नोंदी मी हातानं पुसल्या.

खरी रात्र आली ती एका शुक्रवारी. प्रत्येक नोंदीनंतर दोन सेकंद थांबायचं, सर्व्हरला साधारण एक सेकंद लागतो, म्हणजे एकूण पावणेसहा तास. दहाला चालू केलं, पहिली शंभर पुस्तकं जाताना पाहिली, कुलूप लावलं आणि घरी गेले. सकाळी आठला येऊन पाहते तो पडद्यावर १,२१३. चूक नाही, सूचना नाही, प्रोग्राम चालूच आहे आणि उत्तराची वाट बघतो आहे. रात्री कधीतरी इंटरनेट गेलं होतं. मोडेमचे दिवे सकाळी पुन्हा हिरवे होते, पण ती जोडणी तुटलेली होती आणि प्रोग्रामला ते कळलंच नव्हतं.

रिक्वेस्ट्सला किती वेळ थांबायचं हे आपण सांगितलं नाही तर ती कितीही वेळ थांबते. तिचा हा सगळ्यात मोठा दोष आहे असं माझं ठाम मत आहे. तिच्या माहितीपुस्तकात टाइमआउट, म्हणजे थांबण्याची मर्यादा, द्या असं स्पष्ट लिहिलं आहे, पण माणसांसाठी म्हणून केलेल्या वस्तूनं अशी गोष्ट वाचणाऱ्याच्या लक्षावर सोडू नये. तिच्याच धर्तीवर नंतर आलेल्या ‘एचटीटीपीएक्स’मध्ये न सांगता पाच सेकंदांची मर्यादा असते, ते मला जास्त शहाणपणाचं वाटतं. रिक्वेस्ट्समध्ये दोन आकडे देता येतात, जोडणी व्हायला किती थांबायचं आणि जोडणी झाल्यावर सर्व्हरच्या गप्प बसण्याला किती. मी ५ आणि ३० देते.

पण टाइमआउटनं एक नवा पेच उभा राहतो, आणि दुबार नोंदींचा चटका ताजा असल्यामुळे तो मला लगेच दिसला. तीस सेकंदांत उत्तर आलं नाही म्हणजे नोंद झाली नाही असं नाही. पाकीट पोचलं असेल, पोच वाटेत हरवली असेल. तेव्हा आंधळेपणानं पुन्हा पाठवायचं नाही. आता माझा प्रोग्राम आधी साइटच्या शोधात तो दाखल क्रमांक टाकून बघतो, नसेल तरच पाठवतो. दाखल नोंदवहीत एक क्रमांक एकाच प्रतीला असतो, म्हणून हे जमलं. आपल्या आधीच्या ग्रंथपालांनी घालून दिलेली ही शिस्त शंभर ठिकाणी कामी येते. रिक्वेस्ट्सच्या खाली ‘यूआरएललिब३’ काम करते. तिच्याकडे फसलेली मागणी पुन्हा करण्याची सोय आहे, पण ती सोय चालू केली तरी आपण मुद्दाम सांगितल्याशिवाय पोस्ट पुन्हा पाठवत नाही. ज्यांनी हे असं ठेवलं त्यांनी नीट विचार केला आहे.

पुढच्या तीन रात्री, रोज दहा ते बारा, मी समोर बसून राहिलेली सगळी पुस्तकं चढवली. घरच्यांनी जेवणाचा डबा वाचनालयात आणून दिला.

महिनाभरानं एका वाचकानं दाखवलं की काही पुस्तकांना लेखकच नाही. मोजली, ३७ निघाली. एक्सेलमध्ये ते रकाने रिकामे होते. हातानं भरताना लेखक टाकल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊच देत नसे, मग प्रोग्रामनं कसं जाऊ दिलं? ती अडवणूक ब्राउझर करत होता, सर्व्हर नव्हे. रकाना सक्तीचा, अक्षरं इतकीच, वर्ष चार आकडी, या सगळ्या तपासण्या पानात लिहिलेल्या असतात आणि रिक्वेस्ट्स पान वाचत नाही, पाकीट नेते. सर्व्हरनंही तपासायला हवं होतं, पण मी ते गृहीत धरायला नको होतं. त्यात माझ्या प्रोग्रामनं रिकाम्या जागेला पायथनचं ‘नन’ (काहीच नाही) दिलेलं होतं आणि ज्याची किंमत ‘नन’ आहे तो रकाना रिक्वेस्ट्स पाकिटात घालतच नाही, न बोलता गाळते. आता पाठवण्याआधीची तपासणी मीच लिहिली आहे, फॉर्मपेक्षा कडक.

मुखपृष्ठांचे फोटो हा वेगळा प्रकार. ते ‘फाइल्स’ म्हणून दिले की रिक्वेस्ट्स पाकिटाची जातच बदलते. मजकूर आणि फोटो वेगवेगळ्या कप्प्यांत भरते आणि कप्प्यांमध्ये स्वतः तयार केलेली सीमारेषा टाकते. मी कुठेतरी वाचून ‘कंटेंट-टाइप’, म्हणजे पाकिटाची जात सांगणारी ओळ, हातानं लिहिला होता, त्यात ती सीमारेषा नव्हती, त्यामुळे सर्व्हरला कप्पेच कळेनात. ती ओळ पुसली आणि सगळं सुरळीत झालं. फोटोंच्या फाइल्सना मी आधी पुस्तकांची मराठी नावं दिली होती, आता दाखल क्रमांक देते. देवनागरी नावं पाठवण्याच्या एकाहून जास्त पद्धती आहेत आणि प्रत्येक सर्व्हरला प्रत्येक पद्धत कळेलच असं नाही. ४१२ फोटो गेले आहेत, बाकीचे जसे काढून होतील तसे.

एक गोष्ट लायब्ररीच्या कक्षेबाहेरची आहे, पण मराठीत काम करणाऱ्यानं ती जाणून घ्यावी. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारांनी टंकता येतं, एकसंध किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्याला दोन्ही सारखीच. संगणकाला ती दोन वेगळी अक्षरं, आणि युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या प्रमाण यादीतल्या प्रमाणीकरणानंही ती एक होत नाहीत. माझ्या एक्सेलमध्ये चार जणांनी वेगवेगळ्या वर्षी टंकलेला मजकूर होता, त्यामुळे दोन्ही प्रकार भरलेले. रिक्वेस्ट्सनं दोन्ही इमानेइतबारे पोचवले. वाचक ‘ॲ’नं सुरू होणारं पुस्तक शोधायचे आणि निम्मीच सापडायची. पाठवण्याआधी सगळं एकसंध ‘ॲ’मध्ये बदलून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. माझं ते नंतर करताना दोन दिवस गेले.

कुणी घ्यावी? ज्यांच्याकडे फॉर्म साधा एचटीएमएलचा आहे, नोंदी शेकड्यांनी आहेत आणि साइटच्या मालकाची परवानगी आहे, त्यांनी जरूर घ्यावी. एकदोन वेळाच फॉर्म पाठवून बघायचा असेल तर ‘कर्ल’ हे आज्ञा टंकून चालवायचं साधन पुरे. ब्राउझरच्या नेटवर्क पॅनलमधून आपण भरलेला फॉर्म कर्लच्या आज्ञेच्या रूपात उचलता येतो, आणि रकान्यांची खरी नावं कळायला मी तोच मार्ग वापरला. जिथे फॉर्म जावास्क्रिप्टनं पानावर उभा राहतो तिथे रिक्वेस्ट्सला तो दिसतच नाही, तिथे ‘सेलेनियम’ किंवा ‘प्लेराइट’नं खरा ब्राउझर चालवावा लागेल. एकाच वेळी हजारो मागण्या करायच्या असतील तर एचटीटीपीएक्स बघा. मला ती गरज नाही. रोज थोडं, सावकाश आणि न चुकता, एवढंच माझं मागणं असतं.

बसवताना नावातला शेवटचा ‘स’ गाळू नका. पायथनच्या भांडारात प्रसिद्ध नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन फसवी पॅकेजेस टाकली जातात.

शेजारच्या तालुक्यातल्या एका वाचनालयानं आता तीच साइट घेतली आहे. त्यांच्याकडे नऊ हजारांच्या वर पुस्तकं आहेत, आणि यादी अजून हातानं लिहिलेल्या नोंदवहीत. प्रोग्राम मी त्यांना पेन ड्राइव्हवर दिला आहे, पासवर्डची ओळ रिकामी करून आणि टाइमआउटची ओळ ठळक खुणेनं दाखवून. पुढच्या रविवारी त्यांच्या सहायक बाई एक्सेल शिकायला आमच्याकडे येणार आहेत.